पदरमोडीचे टपाल

दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या घरातून काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. कुणाच्या माळ्यावरून विसरलेली पितळी समई निघते, तर कुणाच्या ट्रंकेतून आजोबांनी फेडलेल्या कर्जाची पावती. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नाना राहतात. त्यांच्या माळ्यावरून यंदा पुठ्ठ्याचे एक खोके खाली आले. नाना निवृत्त इंजिनिअर, पंचाहत्तरी उलटलेली. त्यांनी शिडीवर चढू नये म्हणून मी चढलो होतो. खोक्यात वहीच्या आकाराची एक काळी चपटी डबी होती. तिच्या तोंडावर बारीक दिव्यांची रांग आणि पाठीमागे दोन तारा. वर धुळीचा जाड थर.

"मोडेम," नाना म्हणाले, आणि एखाद्या जुन्या मित्राची ओळख करून द्यावी तशी त्यांनी ती डबी माझ्या हातात दिली.

भंगारवाला दारातच उभा होता. त्याने डबी तळहातावर तोलून वीस रुपये भाव सांगितला. नाना 'घेऊन जा' म्हणणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "ते द्यायचं नाही."

मला नवल वाटले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काकू कुणाची गय करत नाहीत. नानांचे इंजिनिअरिंगचे सगळे ग्रंथ गेल्याच वर्षी रद्दीत गेले होते. मग या काळ्या डबीत असे काय होते? मी चहाला म्हणून बसलो, तो दोन तास उठलो नाही. त्या दोन तासांत नानांनी जे सांगितले, आणि पुढे मी चार ठिकाणी वाचून जे पडताळून पाहिले, ते यंदा या सदरातून वाचकांपुढे ठेवतो आहे. मी आपला मराठीचा मास्तर. यंत्रांच्या बाबतीत माझी धाव दिव्याच्या बटणापर्यंत. पण ही गोष्ट मुळात यंत्राची नाहीच.

ज्याला इंग्रजीत बुलेटिन बोर्ड म्हणत, त्याला नाना 'फळा' म्हणतात. माझा जन्म फळ्यासमोर गेलेला असल्यामुळे हा शब्द मला लगेच पटला. इंटरनेट सामान्य माणसाच्या घरी पोचण्यापूर्वीची ही गोष्ट. घरी एक संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि मोडेमला जोडलेला घरचा साधा टेलिफोन, एवढ्या सामानावर कुणीही हौशी माणूस आपला फळा मांडू शकत असे. दुसऱ्याने आपल्या घरून फोन लावायचा, फळ्यावरचा मजकूर वाचायचा, आपले उत्तर लिहायचे आणि फोन ठेवायचा. मग तिसऱ्याने लावायचा. लाइन एक, म्हणून गिऱ्हाईकही एका वेळी एकच. बाकीच्यांच्या नशिबी 'एंगेज'चा आवाज.

असा पहिला फळा १६ फेब्रुवारी १९७८ रोजी अमेरिकेत शिकागो शहरात सुरू झाला. त्या जानेवारीत शिकागोत एवढे बर्फ पडले होते की माणसे घराबाहेर पडू शकत नव्हती. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस हे दोघे संगणक-क्लबातले मित्र. क्लबाच्या सूचना सभासदांना घरबसल्या वाचता आल्या तर किती बरे, या विचाराने एकाने यंत्र जोडले आणि दुसऱ्याने त्याला चालवणारी आज्ञावली लिहिली. याच ख्रिस्टेन्सनने आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, टेलिफोनवरून फाइल बिनचूक पाठवण्याची एक युक्ती काढली होती. टेलिफोनच्या तारेवर खरखर फार. एखादे अक्षर बिघडले तर सगळा कार्यक्रम वाया. म्हणून फाइलचे १२८-१२८ अक्षरांचे गठ्ठे करायचे आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची. घेणाऱ्याने बेरीज ताडून पाहायची. जुळली तर 'पुढचा दे', नाही जुळली तर 'तोच पुन्हा दे'. आंबेवाला पाच-पाच आंबे मोजून पाटीत टाकतो आणि आपण समोर बसून मनात मोजत असतो, त्यातलाच हा प्रकार. सुएस २०१९ मध्ये गेले आणि ख्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. त्यांच्या युक्तीवर पुढे किती जणांचे संसार चालले, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

त्या वेळच्या मोडेमचा वेग ऐकून आजच्या मुलांना हसू येईल. सुरुवातीचा मोडेम एका सेकंदाला सुमारे तीस अक्षरे पाठवी. पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू भरून लिहिलेला मजकूर जायला अर्धे-पाऊण मिनिट लागे. पुढे वेग चौपट, आठपट होत गेला. पण एखादा फोटो मागवला, तर तो वरून खाली उलगडेपर्यंत चहा होऊन जायचा.

फळे वाढले, तरी एक अडचण होतीच. प्रत्येक फळा म्हणजे एक बेट. शिकागोच्या फळ्यावर लिहिलेले शिकागोचाच माणूस वाचणार. दूरच्या शहरात फोन लावायचा तर ट्रंक कॉलचे बिल. यावर १९८४ मध्ये तोड काढली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज नावाच्या तरुणाने. त्याच्या फळ्याचे नाव 'फायडो'. हे अमेरिकेतले कुत्र्याचे नाव, आपल्याकडच्या मोत्यासारखे. पूर्वी कामावरचा एक संगणक नाना ठिकाणचे सुटे भाग जोडून तयार केलेला, म्हणजे अगदी गावठी जातीचा. म्हणून त्याला कुणीतरी थट्टेने हे नाव ठेवले होते, तेच फळ्यालाही चिकटले.

जेनिंग्जचा एक मित्र, जॉन मॅडिल, बाल्टिमोरला होता, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे चार हजार किलोमीटरांवर. त्याच्याकडेही तोच फळा. जेनिंग्जने विचार केला, की रात्री फोनचे दर उतरतात आणि त्या वेळी फळ्यावर कुणी येतही नाही. मग रात्री तासभर माणसांना फळा बंद ठेवावा आणि त्या तासात यंत्रानेच यंत्राला फोन करावा. दिवसभरात सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी बाल्टिमोरच्या लोकांसाठी जे लिहून ठेवले असेल, ते सगळे एका फोनमध्ये पलीकडे. माणसे झोपलेली आणि टपाल चाललेले. सकाळी उठून पाहावे तर उत्तर दारात.

हेच ते फायडोनेट. एवढ्या प्रचंड देशात पत्रे वाहून नेणारे जाळे उभे राहिले, आणि त्याला ना कचेरी, ना पोस्टमास्तर, ना पगार. ज्याच्या घरी फळा, तो त्या जाळ्यातले एक ठाणे. (मध्य रेल्वेवरचे नव्हे!) ठाण्याचा चालक तोच मालक, तोच पोस्टमन, आणि फोनचे बिल भरणाराही तोच. त्याच्यावर अट एकच: ठरलेल्या टपालाच्या तासाला फोन मोकळा ठेवायचा. बाकी तो फळ्यावर काय मांडतो, कुणाला येऊ देतो, हे त्याचे तो पाहील.

सुरुवातीला दोनच ठाणी होती. बघता बघता ती वीस झाली, पन्नास झाली, वर्षभरात शेकड्यापलीकडे गेली. कुणाचा फोन नंबर काय, याची यादी जेनिंग्ज एकटाच ठेवत होता. त्याचे हात अपुरे पडू लागले. त्यातच एक प्रसंग घडला. तो त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. यादीतला एक नंबर चुकला होता. तो नंबर होता एका वृद्ध बाईंच्या घरचा. रोज रात्री, ऐन झोपेच्या वेळी, बाईंचा फोन वाजे. उचलावा तर पलीकडे माणूस नाही. ठेवला तर पुन्हा वाजतोच. यंत्र बिचारे आज्ञाधारक. पलीकडे मोडेम भेटला नाही की ते थोड्या वेळाने पुन्हा लावी. शेवटी जेनिंग्जने एकदा जागे राहून आपल्याच यंत्राचा फोन कानाला लावला, तेव्हा पलीकडून वैतागलेले 'हॅलो, हॅलो' ऐकू आले आणि सगळा उलगडा झाला.

वाचणाऱ्याला या गोष्टीचे हसू येते. मलाही आले. नाना मात्र ही गोष्ट सांगताना हसले नाहीत. का, ते पुढे कळले.

यादी सांभाळण्याचे काम मग सेंट लुइस शहरातल्या केन कॅप्लान, बेन बेकर वगैरे हौशी मंडळींनी अंगावर घेतले. दर आठवड्याला नवी यादी निघू लागली. सबंध यादी पाठवायची तर फोनचा वेळ फार जातो, म्हणून फक्त फेरफार तेवढे पाठवायचे आणि प्रत्येकाने आपल्याकडच्या जुन्या यादीत ते घालून घ्यायचे, अशी काटकसर त्यांनी केली. डिसेंबर १९८४ पासून जाळ्याचे स्वतःचे साप्ताहिकही त्याच वाटेने घरोघर जाऊ लागले. साप्ताहिक म्हटल्यावर दर आठवड्याची भांडणेही आलीच.

जून १९८५ मध्ये आणखी एक सुधारणा झाली, आणि मला सगळ्यांत आवडली ती हीच. अमेरिकेत गावातल्या गावात केलेल्या फोनला वेगळा आकार फारसा पडत नसे. महाग होता तो परगावचा फोन. मग एकाच गावातल्या दहा ठाण्यांना दहा वेगळे परगावचे फोन कशाला? गावातल्या एकाने यजमान व्हायचे. त्या गावाची सगळी पत्रे एका फोनमध्ये त्याच्याकडे टाकायची, आणि त्याने ती गावात फुकट वाटायची. आमच्या लहानपणी गावाहून येणारा डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती देत. तो स्टँडवरच्या ओळखीच्या दुकानात ठेवी आणि तिथून ज्याचा तो उचलून नेई. तेच तत्त्व. पत्तेही त्याच हिशेबाने ठरले: आधी खंडाचा आकडा, मग गावाच्या जाळ्याचा आणि शेवटी ठाण्याचा. खंडात उत्तर अमेरिका १, युरोप २, आफ्रिका ५, आणि आपला आशिया ६.

पण हे सगळे झाले एकाने एकाला लिहिलेल्या पत्राचे. १९८६ च्या सुमारास डल्लासच्या जेफ रशने आणखी एक पाऊल पुढे टाकले. एका फळ्यावर एखाद्या विषयावर कुणी काही लिहिले, की त्याची नक्कल रात्री शेजारच्या ठाण्याला, तिथून त्याच्या शेजाऱ्याला, अशी देशभर पसरत जाई. याला नाव दिले 'एको', म्हणजे पडसाद. खगोलशास्त्राचा पडसाद, स्वयंपाकाचा पडसाद, अपंगांच्या अडचणींचा पडसाद, राजकारणाचा तर असणारच. आता पडसादाचा एक स्वभाव असतो. तो फिरून आपल्याकडेच येतो. चार ठाणी एकमेकांना वर्तुळात जोडली गेली, की एकच मजकूर गरागरा फिरत राही आणि सकाळी चालकाच्या माथी त्याच पत्राच्या शंभर प्रती. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक मजकुराच्या तळाशी 'हा कुणाकुणाकडे होऊन आला' याची यादी लिहू लागले. पुढे पाठवण्यापूर्वी यंत्राने ती यादी वाचायची. ज्याचा आकडा आधीच तिथे आहे, त्याला पुन्हा द्यायचा नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाची पुडी दोनदा जाऊ नये म्हणून आमच्या इमारतीत चिठ्ठीवर खुणा करतात, तशी ही व्यवस्था.

फाइलींचेही तसेच. नवी आज्ञावली कुणी लिहिली, की ती दाबून लहान करायची, पडसादासारखी ठाण्यामागून ठाण्याला द्यायची, म्हणजे पंधरवड्यात ती सगळीकडे. आणि एखादीच फाइल हवी असेल, तर रात्रीच्या तासाला यंत्राने समोरच्या यंत्राला तिचे नाव सांगायचे. असेल तर ती त्याच फोनवर पदरात पडे. माणसाने जागे राहण्याची गरज नाही.

या जाळ्याच्या नियमांचे सार असे सांगत, की कुणी दुसऱ्याला फार त्रास देऊ नये, आणि कुणी चटकन त्रासूनही जाऊ नये. हा नियम आमच्या इमारतीच्या नोटीस-बोर्डावर लावावा अशी सूचना मी येत्या सभेत मांडणार आहे. अर्थात नियम होता म्हणून भांडणे थांबली असे नाही. जाळ्याची रीतसर संस्था काढावी, तिला अधिकार द्यावेत, असा घाट काहींनी घातला. पण १९८९ मध्ये मत घेतले तेव्हा तो तडीस गेला नाही. ज्याने बिल भरायचे त्याला वर साहेब कशाला हवा? १९९५ च्या सुमारास जगात तीस हजारांवर ठाणी होती, आणि साहेब म्हणावा असा कुणी नव्हता.

एवढ्यावर ही हौशी लोकांची करमणूक होती असे वाटेल. पण तसे नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी संगणकाने पत्रव्यवहार करायचा होता. वर्णभेदामुळे त्या देशावर बहिष्कार. रीतसर दार कोण उघडणार? तेव्हा तिथल्या माइक लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायडोनेटची वाट धरली. त्यांचे टपाल अमेरिकेत ऑरेगन राज्यात रँडी बुश नावाच्या गृहस्थाच्या घरी जाई, आणि तिथून इंटरनेटवर. एका देशाच्या विद्यापीठाची पत्रे एका माणसाच्या घरातून येत-जात होती!

याहून मोठी गोष्ट युगोस्लाव्हियाची. १९९१ मध्ये तो देश फुटला, युद्ध पेटले, आणि क्रोएशिया व सर्बिया यांच्यामधल्या टेलिफोनच्या लाइनी तोडल्या गेल्या. झाग्रेबमधली बहीण बेलग्रेडमधल्या भावाला 'जिवंत आहेस ना' एवढेही विचारू शकत नव्हती. पण दोन्ही शहरांतून परदेशी फोन लागत होता. १९९२ मध्ये शांततेसाठी काम करणाऱ्या मंडळींनी दोन्ही शहरांत एकेक फळा मांडला. झाग्रेबचे पत्र जर्मनीतल्या बिलेफेल्ड गावच्या फळ्यावर जाई आणि तिथून बेलग्रेडला उतरे. या जाळ्याचे नाव 'झामीर', म्हणजे 'शांततेसाठी'. हे फायडोनेट नव्हे, पण त्याच्याच कुळातले. पुढे वेढ्यात अडकलेल्या साराएवोतही त्याचा फळा लागला. ज्या शहरात पाणी भरायला जाताना माणसे गोळीला बळी पडत होती, तिथून निर्वासित झालेल्या नातेवाइकांना अशी पत्रे जात होती.

आपल्याकडेही हे वारे आले. मुंबईत 'लाइव्ह वायर' नावाचा फळा होता, बंगळूरला अतुल चिटणीस यांचा होता. आणि शहराशहरांतून हौशी मंडळी घरच्या फोनवर आपापली दुकाने मांडून बसली होती. आमचे नाना त्यांतले एक. फरक एवढाच, की आपल्याकडे गावातल्या फोनलाही आकार पडे, आणि फोन मिळायलाच वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. इमारतीत तेव्हा तीन फोन होते. त्यातला एक नानांचा, आणि तो रात्री दहानंतर मोडेमचा.

"लष्कराच्या भाकऱ्या!" मी म्हणालो.

"अगदी," नाना म्हणाले. "पण प्रोफेसर, लष्करात कुणी ना कुणी आपल्या ओळखीचं निघतंच की."

ते ओळखीचे माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकायला गेलेला. परदेशी फोनचे मिनिट तेव्हा इतके महाग, की आजी घड्याळ समोर ठेवून बोलत आणि निम्मा वेळ रडण्यात जाई. मुलाच्या विद्यापीठात इंटरनेट होते. तिकडून निघालेले पत्र दोन जाळी जोडणाऱ्या दारातून फायडोनेटमध्ये शिरे, शहरातल्या मोठ्या फळ्यावर येई, आणि तिथून रात्री नानांकडे. नाना ते कडेला भोके असलेल्या लांब कागदावर छापून, घडी घालून, ऑफिसला जाताना आजींच्या दारात देत.

इथे मी मास्तरकीचा प्रश्न विचारला. "म्हणजे पत्र तुम्हाला वाचता येत होतं?"

नाना जरा गप्प राहिले. या टपालाला लिफाफा नव्हता. वाटेतल्या प्रत्येक ठाण्याच्या चालकाला मनात आणले तर ते वाचता येई. सगळा कारभार भरवशावर. "छापताना डोळे मिटता येत नाहीत," ते म्हणाले. "त्यानं तिकडेच लग्न केलं, हे आजींच्या आधी मला कळलं. रात्री अडीच वाजता. सकाळी कागद देताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही."

एवढे झाल्यावर मी विचारले, की मग काकू मोडेम का देत नाहीत? नानांनी उत्तर दिले नाही. काकूच बाहेर आल्या. फराळाची ताटली माझ्यापुढे ठेवून त्या खुर्चीवर टेकल्या.

"१९९३ साल. माझे वडील सांगलीला. रात्री अकराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. माझा भाऊ तेव्हापासून फोन लावत होता. पहाटे पाचपर्यंत एंगेज. ह्यांच्या फळ्यावर कोण कुठली पोरं गेमची फाइल उतरवून घेत होती. पाचला फोन लागला, तेव्हा सगळं संपलं होतं."

मी लाडू हातात धरून बसून राहिलो. अमेरिकेतल्या त्या वृद्ध बाईंच्या गोष्टीला नाना का हसले नाहीत, ते मला आता कळले.

नानांनी त्या दिवशी तार उपटून मोडेम खोक्यात घातला. काकू म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी आपण होऊन घातला. तेरावा झाला, महिना गेला. एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून आल्या. घरात काय झाले ते त्यांना ठाऊक होते. म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. दारात उभ्या राहून उगाच हवापाण्याचे बोलल्या आणि परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. तिसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः खोके काढून टेबलावर ठेवले.

"मी ह्यांना म्हटलं, त्यांचा मुलगा आहे तिकडे. माझं झालं ते झालं. पण रात्रभर नाही. तुमच्या त्या टपालाचा जो एक तास असतो ना, तेवढाच. दीड ते अडीच. अडीचला मी स्वतः उठून तार काढीन."

आणि काकूंनी ती काढली. रोज. गजर लावून. पोरांचे खेळ बंद झाले, फळा बंद झाला, आजींचे टपाल तेवढे चालू राहिले. टॉम जेनिंग्जने सगळ्या ठाण्यांकडून मागितला होता तो नेमका एवढाच तास. काकूंना त्याचे नावही माहीत नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी. १९९४-९५ च्या सुमारास दूरसंचार खात्याने अशा घरगुती फळ्यांवरही लाखांच्या घरातला वार्षिक परवाना-आकार बसवण्याचे ठरवले, तेव्हा चालकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पण खरा निकाल लावला तो इंटरनेटने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांसाठी खुले केले. थोड्याच वर्षांत पत्र क्षणात पोचू लागले. रात्रीची वाट पाहायचे कारण उरले नाही. जगभरचे फळे एकेक करून पुसले गेले. फायडोनेटची थोडी ठाणी आजही आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांचे टपाल आता इंटरनेटवरूनच जाते.

निघताना नानांनी खोक्याच्या तळाशी असलेला एक कागद दाखवला. त्या वेळच्या यादीचे एक पान. प्रत्येक ठाण्यापुढे आकडा, गाव, चालकाचे नाव आणि फोन नंबर. जगभरच्या तीस हजारांवर ठाण्यांची अशीच नोंद असे. मी नानांचे नाव शोधून काढले. मग मनात आले, की या प्रत्येक नावामागे एकेक घर असणार, आणि त्या घरात कुणीतरी फोन मोकळा व्हायची वाट पाहत बसलेले असणार. त्यांची नावे या यादीत नाहीत.

भंगारवाला एव्हाना निघून गेला होता. काकूंनी मोडेमवरची धूळ पदराने पुसली आणि खोके माझ्या हातात दिले.

"वर ठेवा," त्या म्हणाल्या. "शिडी लावलेलीच आहे."